नेलरचा नसलेला नेलर

चित्राच्या सोनेरी चौकटीला खालच्या बाजूला एक पितळी पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यावर कोरलं होतं, 'सर गॉडफ्री नेलर'. चित्रात एक गृहस्थ. खांद्याखाली रुळणारा कुरळ्या केसांचा टोप, तपकिरी मखमली कोट, गळ्याशी पांढरा लेसचा रुमाल, आणि वाण्याने दिलेलं बिल खरं की खोटं ते ठरवत असल्यासारखी नजर. आमच्या शेजारच्या बाईंच्या घरात, जिन्याच्या पायऱ्या वळतात तिथे, हा माणूस टांगलेला असायचा. आम्ही इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला राहायला आलो तेव्हापासून बाईंच्या घरी वर जायचं म्हणजे आधी याच्या नजरेखालून जायचं.

बाईंना मूलबाळ नव्हतं. करोनाच्या काळात त्यांचं वाणसामान, औषधं आम्हीच आणून देत असू. पुढे तो शिरस्ताच झाला. त्या गेल्या, घर विकून आलेला पैसा धर्मादाय संस्थांना गेला आणि मृत्युपत्रात 'जिन्यातला गृहस्थ' माझ्या नावावर निघाला. सोबत त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. हे चित्र माझ्या सासऱ्यांनी घेतलं, मला ते कधीच आवडलं नाही, ठेवावंसं वाटलं तर ठेव, नाहीतर खुशाल विक आणि घरात काहीतरी कामाचं घे. इंग्रज माणूस एरवी इतकं रोखठोक बोलत नाही, पण बाई यॉर्कशरच्या होत्या.

ठेवायचं तर कुठे, हाही प्रश्न होताच. चौकटीसकट चित्र चांगलं साडेतीन फूट उंच. आमच्या घराची छतं बुटकी, मोकळी भिंत एकच आणि तिच्याखाली रेडिएटर. तैलचित्राला सर्वांत वाईट म्हणजे खालून येणारी गरम हवा. कापड ताणतं, सैल पडतं, रंग पापुद्र्यांनी उठतो. शिवाय घराच्या विम्यात वेगळी नोंद करायची तर किंमत हवी, आणि किंमत सांगणार कोण? महिनाभर तो पाहुण्यांच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता. मग विकायचं ठरलं.

पट्टीवरचं नाव वाचून मी आधी या नेलरची माहिती काढली. असामी मोठी होती. जर्मनीतल्या ल्यूबेकमध्ये १६४६ साली जन्म, अॅमस्टरडॅमला शिक्षण, इटलीची वारी, आणि मग लंडन. १६८० मध्ये सर पीटर लेली वारला आणि इंग्लंडमध्ये व्यक्तिचित्रांच्या धंद्यातली पहिली खुर्ची रिकामी झाली. ती हळूहळू नेलरकडे आली. राजदरबाराचा मुख्य चित्रकार, १६९२ मध्ये 'सर', १७१५ मध्ये बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा किताब. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्याची 'किट-कॅट क्लब'ची चित्रं आहेत, चाळिसाहून अधिक. त्या क्लबच्या सभासदांची चित्रं ३६ बाय २८ इंचांच्या कापडांवर काढली, तेव्हापासून त्या मापालाच 'किट-कॅट' म्हणतात.

पण मला त्याचं दरपत्रक जास्त आवडलं. नुसतं डोकं-खांदे १५ गिनी (गिनी म्हणजे पौंडाहून थोडं जास्त मोलाचं नाणं), एक हात दिसला तर २०, अर्धाकृती ३०, पूर्णाकृती ६०. दिवसाला चौदा-चौदा गिऱ्हाइकं बसवायचा असं सांगतात. तो स्वतः चेहरा करायचा. टोप, लेस, मखमल, मागचं आभाळ हे सगळं मदतनीसांकडे. कोणी नुसते कपडेच रंगवणारा. म्हणजे अस्सल नेलरमध्येही नेलर किती, हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीचाच. आमच्या गृहस्थाचे दोन्ही हात चित्राबाहेर होते. १५ गिनीवालं काम.

आता लिलावघर. लंडनच्या मोठ्या घरांना ईमेलवर फोटो पाठवता येतात: एक समोरून, एक मागून, एक सही असेल तर तिचा, आणि सोबत माप. उत्तरं सभ्य आली. आमच्या विक्रीसाठी योग्य नाही, एखाद्या प्रादेशिक लिलावघराकडे चौकशी करावी. मोठ्या घरांचा हिशेब सरळ असतो. अमुक एका किमतीखालची वस्तू छापील कॅटलॉगमध्ये घेणं त्यांना परवडत नाही. जुन्या चित्रांच्या त्यांच्या मुख्य विक्र्या लंडनला जुलैत आणि डिसेंबरात होतात आणि तिथे लाखांच्या खाली सहसा कोणी बघत नाही. आमच्यापासून तासाभरावरच्या एका घराने मात्र 'घेऊन या' म्हटलं. जुन्या रजईत गुंडाळून, मागची सीट पाडून, नवऱ्याने ताशी तीस मैलांनी गाडी चालवली.

तिथल्या तज्ज्ञ बाईंनी पहिली गोष्ट काय केली, तर चित्र उलटं फिरवलं. चेहऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नंतर मला कळलं की या धंद्यात सगळेच आधी पाठ बघतात, कारण समोरची बाजू सजवता येते, पाठीवर कोणी मेहनत घेत नाही. मूळ कापडाच्या मागे दुसरं कापड चिकटवलेलं होतं. याला लायनिंग म्हणतात. जुनं कापड कुजायला लागलं की सरस आणि पिठाची खळ लावून मागून नवं कापड गरम इस्त्रीने बसवायचे. एकोणिसाव्या शतकात हे सर्रास चाले आणि इस्त्री जास्त दाबली की रंगाचे उंचवटे सपाट व्हायचे. बाईंनी चित्र खिडकीशी तिरकं धरून मला दाखवलं. लेसवरचे पांढरे फटकारे खरं तर बोटाला लागायला हवेत इतके जाड असतात. इथे ते पार चपटे झाले होते.

लाकडी ताणपट्टीवर काळ्या शाईत स्टेन्सिलने छापलेला एक नंबर होता. तो बघून बाई पहिल्यांदा हसल्या. क्रिस्टीज हे लंडनचं मोठं लिलावघर विक्रीला आलेल्या चित्रांच्या मागे असा नंबर उमटवायचं आणि तो त्यांच्या दप्तरात नोंदलेला असतो. लंडनला त्यांचा जुन्या कॅटलॉगांचा दप्तरखाना आहे. नंबर कळवला की चित्र कधी, कोणत्या विक्रीत आलं होतं ते सापडू शकतं. तो नंबर म्हणजे चित्राच्या गळ्यातला बिल्लाच.

मग खोलीतले दिवे बंद करून त्यांनी अल्ट्राव्हायोलेट दिवा लावला. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. जुन्या राळेचं व्हार्निश त्या प्रकाशात हिरवट, दुधाळ चमकतं, शेवाळलेल्या पाण्यातून पाहिल्यासारखं, आणि त्यावर नंतर कोणी रंग लावला असेल तर तेवढी जागा काळी-जांभळी दिसते. गृहस्थाच्या कपाळावर एक मोठा डाग, डाव्या गालावर दोन, आणि मागच्या काळोखात ठिगळंच ठिगळं. दिवसाउजेडी यातलं काहीच दिसत नव्हतं. 'चेहरा त्या मानाने चांगला आहे,' बाई म्हणाल्या. डोळे, नाक, तोंड यांवर कोणी हात फिरवलेला नव्हता आणि व्यक्तिचित्रात पैसे तिथले मिळतात.

गळ्यातल्या रुमालावर त्या बराच वेळ रेंगाळल्या. त्याची टोकं पिळून कोटाच्या काजात खोवलेली होती. ही 'स्टाइनकर्क' फॅशन. १६९२ च्या स्टाइनकर्कच्या लढाईत फ्रेंच अधिकाऱ्यांना अचानक हल्ल्यामुळे रुमाल नीट बांधायला वेळ मिळाला नाही, कसाबसा पिळून खोचला आणि लढायला गेले, अशी गोष्ट. पॅरिसने त्याची फॅशन केली आणि लंडनने ती उचलली. म्हणजे चित्र १६९२ च्या आधीचं असू शकत नाही. टोपाला डोक्यावर दोन उंचवटे होते, त्यावरून १७१० च्या फार पुढचंही नाही. एका रुमालाने आणि एका टोपाने वीसेक वर्षांच्या पट्ट्यात आणून ठेवलं.

'आणि नेलर?' मी विचारलं.

त्यांनी पितळी पट्टीवरून अंगठा फिरवला. अशा पट्ट्या बहुतेक वेळा व्हिक्टोरियन मालकांनी किंवा त्यानंतरच्या दुकानदारांनी लावलेल्या असतात. टोप दिसला की नेलर, सैल रेशमी गाऊनातली बाई दिसली की लेली. नेलरचा स्वतःचा हात असता तर चेहऱ्यावरचे फटकारे मोकळे, झपझप ओढलेले दिसले असते. खालचा राखाडी थर सावलीत तसाच उघडा सोडलेला असता. इथे गालाची गोलाई जपून, घोटून घोटून आणलेली. 'कोणीतरी चांगला कारागीर आहे. नेलरची चित्रं पाहिलेला. पण नेलर नाही.'

इथे लिलावाच्या कॅटलॉगची उतरंड समजून घ्यायला हवी, कारण सगळा पैसा तिथे ठरतो. नुसतं चित्रकाराचं पूर्ण नाव छापलं असेल तर घराच्या मते चित्र त्याचंच. 'अॅट्रिब्यूटेड टू' म्हणजे बहुधा त्याचं, पण छातीठोक सांगत नाही. 'स्टुडिओ ऑफ' म्हणजे त्याच्या कारखान्यात, त्याच्या देखरेखीखाली झालेलं. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच काळातलं, त्याच्या वळणाचं, पण कोणाचं ते माहीत नाही. 'फॉलोअर ऑफ' म्हणजे त्याच्या पद्धतीने काम करणारा, शिष्य असेलच असं नाही. 'मॅनर ऑफ' आलं की चित्र नंतरच्या काळातलं, आणि 'आफ्टर' म्हणजे सरळ नक्कल. सहीचंही तसंच. 'साइन्ड' म्हणजे सही त्याची. 'बेअर्स सिग्नेचर' म्हणजे सही आहे बुवा, कोणी केली ते विचारू नका. एकेका पायरीला किमतीतलं एक शून्य गळू शकतं. आमचा गृहस्थ 'सर्कल ऑफ'वर थांबला. अंदाज ८०० ते १,२०० पौंड.

मनात थोडं खट्टू झालं हे खरं. या धंद्यातल्या गोष्टीही तशाच ऐकायला मिळतात ना. बॉनहॅम्स या लिलावघराच्या ऑक्सफर्डच्या कचेरीत २०१० मध्ये एकोणिसाव्या शतकातल्या एका किरकोळ इंग्रज चित्रकाराच्या चित्रांबरोबर आलेलं एक छोटं व्यक्तिचित्र कोणाच्या तरी नजरेत भरलं, विक्रीतून मागे घेतलं गेलं, तपासण्या झाल्या आणि डिसेंबर २०११ मध्ये ते सतराव्या शतकातला थोर स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्क्वेझ याचं म्हणून साडेएकोणतीस लाख पौंडांना विकलं गेलं. अशा चित्रांना 'स्लीपर' म्हणतात, झोपलेलं. दर आठवड्याला या देशातल्या कुठल्या ना कुठल्या लिलावात कोणीतरी झोपलेलं चित्र शोधत हिंडत असतं. आमच्या चित्राला मात्र चांगली जाग होती.

क्रिस्टीजच्या दप्तरातून उत्तर आलं ते मजेदार. चित्र १९६० च्या दशकात त्यांच्याकडे विकलं गेलं होतं, आणखी एका चित्राच्या जोडीने, थोडक्या गिनींना. कॅटलॉगमध्ये चित्रकाराचं नाव होतं नुसतं 'नेलर'. मी तज्ज्ञ बाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या, तेव्हाची रीतच तशी होती. पहिलं नाव पूर्ण छापलं तर चित्र त्याचं. आद्याक्षर आणि आडनाव छापलं तर त्याच्या काळातलं, थोडंफार त्याचं असेल. आणि नुसतं आडनाव म्हणजे त्याच्या शैलीचं, एवढंच. धंद्यातल्या सगळ्यांना हे ठाऊक असायचं, बाहेरच्यांना नाही. आमच्या शेजारच्या बाईंच्या सासऱ्यांनी 'नेलर' वाचलं आणि आनंदाने नेलर घरी आणला. साठ वर्षांपूर्वीच लिलावघराने हळूच कानात सांगितलेली गोष्ट मला आता पुन्हा, जरा मोठ्याने सांगितली गेली इतकंच.

दुसरा प्रश्न हा माणूस कोण. बसणाऱ्याचं नाव कळलं तर भाव बदलतो. अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार रेनॉल्ड्स याने रंगवलेलं माईचं चित्र घ्या. ताहितीकडच्या बेटांवरून कॅप्टन कुकच्या मोहिमेतल्या जहाजाने लंडनला आलेला हा तरुण. २००१ मध्ये ते सदबीजला १ कोटी ३ लाख पौंडांना गेलं आणि २०२३ मध्ये नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी व अमेरिकेतलं गेटी म्युझियम यांनी मिळून ५ कोटींना घेतलं. तिथे रेनॉल्ड्सइतकाच माईही विकला गेला. आमच्याकडे ढाल नाही, कुळाचं चिन्ह नाही, हातात पत्र नाही (हातच नाहीत). तरी एक दिवस लंडनला जाऊन मी पोर्ट्रेट गॅलरीच्या हाइन्झ आर्काइव्हमध्ये बसले. आधी वेळ ठरवून कोणालाही जाता येतं. चित्रकारावार, माणसावार फोटोंच्या पेट्या असतात. नेलरच्या वळणाच्या चित्रांचे फोटो चाळता चाळता दुपार गेली. सगळे टोप सारखे, सगळ्यांची मान तशीच डावीकडे वळलेली. जॉन स्मिथ नावाचा माणूस नेलरच्या चित्रांवरून मेझोटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतलेले छाप काढून विकायचा. ते छाप इंग्लंडभर पोचले आणि गावोगावच्या चित्रकारांनी तीच बसण्याची ढब, तोच कोट घेऊन वर गिऱ्हाइकाचा चेहरा बसवला. म्हणजे आमच्या माणसाची मानसुद्धा त्याची स्वतःची नव्हती. नाव मिळालं नाही ते नाहीच.

नाव न मिळण्याचा एक फायदाही आहे, तो नंतर समजला. ब्रिटनच्या इतिहासातल्या ज्ञात व्यक्तीचं पन्नास वर्षांहून जुनं चित्र १०,००० पौंडांवर गेलं की देशाबाहेर न्यायला वेगळा परवाना लागतो. इतर तैलचित्रांना हीच मर्यादा १,८०,००० आहे. अनामिक माणूस बिनबोभाट बाहेर जातो.

करारपत्र दोन पानी होतं, बारीक छपाई. विक्रेत्याकडून कमिशन हातोडीच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, १५ टक्के, त्यावर व्हॅट. फोटोचे २० पौंड, त्यावर व्हॅट. विम्यापोटी दीड टक्का, त्यावरही व्हॅट. राखीव किंमत, म्हणजे रिझर्व्ह, खालच्या अंदाजापेक्षा जास्त ठेवता येत नाही. आम्ही ८०० ठेवली. त्याखाली बोली थांबली तर चित्र विकलं जाणार नाही, 'बॉट इन' होणार, आणि मग काही काळ कोणी त्याला हात लावत नाही, कारण इंटरनेटवर सगळ्यांना दिसतं की हे एकदा आलं आणि पडून राहिलं. त्यामुळे रिझर्व्ह जितकी खाली तितकं बरं, हा बाईंचा सल्ला. पासपोर्टची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि मृत्युपत्राची प्रत दिली. चोरीच्या वस्तूंच्या यादीशी, आर्ट लॉस रजिस्टरशी, ताडून पाहणं त्यांच्याकडून.

विकण्याआधी साफ करून घ्यावं का, असं मी विचारलं होतं. व्हार्निश चहाच्या रंगाचं झालं होतं, कोट तपकिरी की जांभळा हेही नक्की सांगता येत नव्हतं. बाईंनी हात जोडायचेच बाकी ठेवले. 'हात लावू नका.' घेणारे बहुतेक धंदेवाले असतात आणि त्यांना मळकंच हवं असतं. मळाखाली काहीतरी सापडेल ही आशा तेवढीच विकली जाते. घासूनपुसून ठेवलं की आशा संपली आणि सफाईवाल्याने काय बिघडवलं हाच प्रश्न उरला.

कॅटलॉगमध्ये शेवटी आलं ते असं: सर्कल ऑफ सर गॉडफ्री नेलर, एका गृहस्थाचं व्यक्तिचित्र, खांद्यापर्यंत, तपकिरी कोटात, रंगवलेल्या दगडी अंडाकृती चौकटीत, कापडावर तैलरंग, ७६ बाय ६३ सेंटिमीटर, कोरीव सोनेरी लाकडी चौकट. पितळी पट्टीचा उल्लेख नाही.

लिलावाच्या आधीचे दोन दिवस चित्रं बघायला खुली असतात. मला राहवेना म्हणून गेले. विक्रेता म्हणून ओळख द्यायची नाही, बाकी गिऱ्हाइकांसारखं हिंडायचं. एक म्हातारे गृहस्थ बोट जिभेवर ओलं करून चित्राच्या कोपऱ्यावर घासून बघत होते. ओलं झालेलं व्हार्निश क्षणभर पारदर्शक होतं आणि खालचा रंग दिसतो. एका तरुणाने छोट्या टॉर्चने उजवा कान तपासला, फक्त कान, आणि त्याचा फोटो घेतला. तिसरा एक जाकीट घातलेला माणूस चित्राकडे बघतच नव्हता. चौकटीच्या चारही कोपऱ्यांवरून तळवा फिरवत होता, मागून वाकून सांधे बघत होता, नखाने सोनं जरासं टोकरत होता. कोणाच्याही चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मुंबईच्या चोरबाजारातही आवडलेली वस्तू सोडून शेजारच्या वस्तूचाच भाव आधी विचारतात; इथे तेवढंही नाही, सगळे आपापल्या फोनमध्ये.

त्याच रात्री डोंबिवलीहून ताईचा फोन. विक्री सप्टेंबरातली, हे तिला माहीत होतं. तिथी मी पाहिलीच नव्हती. 'अगं, पितृपक्ष चालू आहे आणि तू कोणाचातरी पूर्वज विकायला काढलायस?' मी म्हटलं, आपला कुठे आहे. 'म्हणून काय झालं? कोणाचा तरी आहेच ना.' इंग्रजांना यात काही वाटत नाही. जुनी घरं मोडली की पूर्वज लिलावात येतात आणि हॉटेलं, पब, नवश्रीमंत माणसं आपल्या भिंतींसाठी ते विकत घेतात. धंद्यात त्यांना सरळ 'तयार पूर्वज' म्हणतात.

लिलावाच्या दिवशी मी खोलीत मागच्या रांगेत बसले. निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. आता बोली बहुतेक इंटरनेटवर आणि टेलिफोनवर चालते. एका लांब टेबलाशी सहा-सात मुलंमुली कानाला फोन लावून ओळीने बसलेली, समोर मोठा पडदा. लिलाव पुकारणारा तासाला शंभर लॉट उडवतो, म्हणजे एकेका वस्तूला अर्धं मिनिट जेमतेम. तीनशे वर्षांच्या माणसाला अर्धं मिनिट!

आमचा लॉट ५०० पासून सुरू झाला. ५५०, ६००, ६५०. मी मान वळवून पाहिलं तर कोणाचाच हात वर नव्हता. रिझर्व्हपर्यंत पुकारणारा स्वतःच बोली पुढे नेऊ शकतो, त्याला हवेतली किंवा झुंबराची बोली म्हणतात. नियमात बसतं, फक्त रिझर्व्हच्या पुढे न्यायची नाही. ८०० वर पडद्यावरून पहिली खरी बोली आली. ८५०. मग जाकीटवाला. त्याने हात वर केला नाही, पुकारणाऱ्याकडे बघून पेन जरासं उचललं. १,०००. इंटरनेट १,१००. पेन. १,४०० ला इंटरनेट गळालं आणि टेलिफोनवरची एक मुलगी मान हलवायला लागली. पुढे शंभर-शंभरांनी २,००० पर्यंत, मग दोनशे-दोनशेंनी. २,२०० टेलिफोन. २,४०० पेन. मुलगी फोनमध्ये कुजबुजली, थांबली, पुन्हा कुजबुजली. पुकारणारा तिच्याकडे झुकून लाडीगोडी लावत होता. २,६००. जाकीटवाल्याने पेन खिशाला लावलं.

आपल्याकडे एकवार, दोनवार, तीनवार म्हणतात तेव्हा माणसाला मन बदलायला तीनदा वाव असतो. इथे एकदाच 'फेअर वॉर्निंग' म्हणाला आणि हातोडी आपटली. मी श्वास सोडेपर्यंत पडद्यावर एक गायीचं चित्र आलं होतं.

बाहेर कॉफीच्या मशीनपाशी तज्ज्ञ बाई भेटल्या. खूष होत्या. टेलिफोनवर कोण होतं ते त्या सांगणार नव्हत्या आणि मीही विचारलं नाही. लिलावघर घेणाऱ्याचं नाव विकणाऱ्याला देत नाही. पण खोलीतल्या माणसाचं सांगायला हरकत नव्हती, त्याला सगळेच ओळखत होते. तो चौकटींचा व्यापारी. सतराव्या शतकाच्या शेवटच्या कोरीव चौकटी, मध्यावर आणि कोपऱ्यांवर पानाफुलांची नक्षी असलेल्या, यांना धंद्यात 'लेली फ्रेम' म्हणतात आणि दुसऱ्या, जास्त चांगल्या चित्रांना लावायला त्यांना गिऱ्हाईक असतं. आमची चौकट त्यातली, थोडी कापून लहान केलेली, पण खरी. तो चित्र काढून ठेवणार होता बाजूला. म्हणजे १,४०० पासून २,४०० पर्यंत भाव चढवला तो चौकटीने, आणि गृहस्थाचा ज्याला खरा सोस होता त्याला त्यापायी हजारभर पौंड जास्त मोजावे लागले.

महिन्याभराने हिशेब आला. हातोडी २,६००. वजा कमिशन ३९०, त्यावर व्हॅट ७८; फोटो व्हॅटसह २४; विमा व्हॅटसह ४६.८०. माझ्या खात्यात २,०६१ पौंड २० पेन्स. तिकडे घेणाऱ्याला २,६०० वर २५ टक्के प्रीमियम, म्हणजे लिलावघराचं त्याच्याकडून घ्यायचं कमिशन, ६५०, आणि त्यावर व्हॅट १३०, म्हणजे एकूण ३,३८० भरावे लागले. मधले १,३१८ पौंड ८० पेन्स लिलावघर आणि सरकार यांच्यात वाटले गेले. लिलावाच्या बातमीत आकडा वाचताना तो हातोडीचा आहे की प्रीमियमसह, हे मी आता आधी बघते. मोठी घरं निकाल बहुतेक प्रीमियमसह जाहीर करतात आणि अंदाज मात्र प्रीमियम सोडून छापतात, त्यामुळे अंदाजापेक्षा भरघोस मिळालं असं वाटतं. करापुरतं सुटले, इथे अशी वस्तू ६,००० पौंडांपर्यंत विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही.

ताईने रुपयांत किती झाले ते विचारलं, आकडा ऐकून 'बरे आले की' म्हणाली आणि सर्वपित्रीला त्याच्या नावाने पान वाढलंस का हे विचारायला विसरली नाही. नाव माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री असतेच, त्यामुळे तिचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं.

आमचा बॉयलर त्या हिवाळ्यात बंद पडला. नवा बसवायला आलेल्या माणसाने २,३०० सांगितले, घासाघीस करून २,२०० वर आला. वरचे आम्ही घातले.